आद्रियानाला पोहता येतं का?

लेन्डर्ट कोमानचा कशावरच विश्वास नव्हता. नेदरलँड्समधल्या आमच्या झीलंड प्रांतातल्या डायव्हिंग क्लबात तो कित्येक वर्षं शिकवत होता, तरी दुसऱ्याने भरलेल्या सिलिंडरची हवा आधी हुंगून बघायचा. "माणूस काय आणि झडप काय, कधी दगा देईल सांगता येत नाही," म्हणायचा.

आद्रियाना बोखर्ट क्लबात आली ती पन्नाशीला टेकल्यावर. यर्सेकच्या कारखान्यात तिने जन्मभर शिंपले साफ केले होते. ते राहतात कुठे, हे तिला एकदा बघायचं होतं. सरावाच्या हौदात पाण्याखाली ती इतकी शांत असायची की लेन्डर्टला तिथेच शंका आली. पोहण्याच्या परीक्षेचा दिवस आला की मात्र बाईचं काहीतरी निघायचं. कधी कान, कधी खांदा, कधी कारखान्यातलं जादा काम.

एकदा वाटाण्याचं सूप पिता पिता त्याने सहज विचारलं, "लहानपणी त्या ताडपत्रीतल्या भोकाला घाबरली होतीस का गं?"

"कसली ताडपत्री?" आद्रियाना म्हणाली.

लेन्डर्टने चमचा खाली ठेवला. आमच्याकडे पोरंसोरं पाण्याखालच्या ताडपत्रीतल्या भोकातून पार झाल्याशिवाय पोहण्याचं पहिलं प्रमाणपत्र मिळत नाही. ते भोक कुणी विसरत नाही.

"तिला पोहता येत नाही," ती गेल्यावर तो म्हणाला. "परीक्षा दिल्याशिवाय तलावात न्यायची नाही."

"खाली कोण पोहतं?" आमचा अध्यक्ष विबो हसला. "तिथं श्वासाचं काम. तुला तर स्वतःच्या बायकोचाही संशय येतो."

"आणि वर आल्यावर? वर काय बसची वाट बघत उभं राहायचं?"

विबोने ऐकलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही तिला ग्रेव्हेलिंगन तलावात नेलं. लेन्डर्ट मुकाट्याने आला, पण तिच्यावरची नजर त्याने काढली नाही.

बुडी छान झाली. वर आल्यावर आद्रियानाने तोंडातली नळी काढली, "ती शेवंड पाहिलीत?" म्हणाली, आणि तरंगत ठेवणाऱ्या जाकिटात हवा भरायच्या ऐवजी हवा सोडायचं बटण दाबलं. डोळ्यांदेखत ती खाली गेली.

लेन्डर्टने लगेच तिच्यामागे बुडी मारली. तळाचा गाळ ढवळला होता, हाताला काही लागेना. तो वर आला, पुन्हा गेला, पुन्हा वर आला. "आद्रियाना!" त्याचा आवाज फाटला होता.

तेवढ्यात बांधापाशी पाण्यातून एक डोकं वर आलं. मग खांदे. तोंडात नळी धरून आद्रियाना तळावरून चालत किनाऱ्याला लागली होती.

"पोहत का नाही आलीस?" लेन्डर्टने तिच्या पाठीवरचं सिलिंडर उतरवत विचारलं.

"येत नाही मला."

ती दगडावर बसली. "माझा मामा गावात सगळ्यांत चांगला पोहायचा. एकोणीसशे त्रेपन्नला समुद्र गावात घुसला, त्या पुरात शेजाऱ्यांना काढायला उतरला, तो आलाच नाही. आई म्हणायची, पोहता येतं त्यालाच पाणी बोलावतं. आम्हा भावंडांना तिने शिकूच दिलं नाही."

"मग सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला तळ दाखवला असतात?"

विबो खुलला. "बघ! आली की नाही पोहल्याशिवाय?"

"गप रे विबो," आद्रियानाच म्हणाली. "चालताना हवेचा काटा लाल पट्टीत होता. नंतर मी तिकडे बघणंच सोडलं."

लेन्डर्टने तो काटा वळवून पाहिला आणि विबोसमोर धरला.

त्या हिवाळ्यात ती गावच्या बंदिस्त जलतरण तलावावर पोहायला शिकली, तेही सहा-सात वर्षांच्या पोरांच्या वर्गात. वसंतात तिने परीक्षा दिली. लेन्डर्ट काठाकाठाने वाकून तिच्याबरोबर शेवटपर्यंत चालला आणि तिथेच "पास" म्हणाला. तिने त्याला ओल्या अंगानेच मिठी मारली.

बाहेर पडल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "का रे, उथळ टोकाला वळताना तिने पाय टेकवला का?"

"नाही. मी बघत होतो."

"तू?" माझ्याकडे निरखून बघत तो म्हणाला. "चष्मा होता का डोळ्यांवर?"