मिराजवाला दादा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा प्रभाकर, म्हणजे माझे यजमान, गॅलरीत उभे राहून आकाशात बघत होते. आमचं घर आडगाव नाक्याजवळ, त्यामुळे ओझरच्या कारखान्यातून चाचणीसाठी उडालेली विमानं कधीकधी वळताना गॅलरीतून दिसतात. त्या सकाळीही एक सुखोई नुकतंच गडगडत पिंपळगावच्या दिशेनं गेलं होतं. मागोमाग फोन वाजला. पलीकडे भाचा, समीर. "आत्या, बाबा गेले. बागेत छाटणी चालू होती... खुर्चीत बसल्या बसल्याच." मी फोन हातात धरून गॅलरीपाशी गेले. मान न वळवता प्रभाकर म्हणाले, "विनायकरावांचाच ना? सांग त्यांना, ट्रक नाही, सुखोई म्हणतात त्याला."

मी फोन तसाच त्यांच्या हातात दिला.

पिंपळगाव बसवंतला दादाची, म्हणजे प्रभाकरांच्या विनायकरावांची, द्राक्षबाग आहे आणि ओझर तिथून हाकेच्या अंतरावर. प्रभाकरांनी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात केली, आधी मिग आणि मग सुखोई जोडण्यात. दादा हवाई दलातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ, तोही फ्रान्सचं मिराज सांभाळलेला. निवृत्तीनंतर गावी येऊन तो बाग बघू लागला आणि प्रभाकरांच्या हातची विमानं रोज त्याच्या डोक्यावरून जाऊ लागली. एखादं जरा खालून गेलं की दादाचा फोन यायचा. "प्रभाकरराव, तुमचा ट्रक आत्ताच गेला बघा माझ्या बागेवरून. घड हलले. लय आवाज करतो हो! एकदा ऑइल बदलून घ्या." प्रभाकर रागानं फोन ठेवायचे, आणि मग स्वतःच परत लावायचे, कारण उत्तर नंतर सुचलेलं असायचं.

ह्या भांडणाची सुरुवात माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात झाली. दादा रजेवर आला होता. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तर मुलगा आणि माझा भाऊ सतरंजीवर समोरासमोर बसून हातांनी विमानं उडवत होते. मिराज तेव्हा देशात नवीनच आलं होतं आणि दादा त्याच्या प्रशिक्षणासाठी फ्रान्सला जाऊन आला होता. मुलगा म्हणत होता, मिगसारखं साधं, दणकट विमानच आपल्या देशाला परवडतं. दादा म्हणत होता, परवडतं म्हणून बैल घेऊन रेसला जाणार का? पोहे गार झाले. शेवटी मुलाचे काका म्हणाले, "अरे प्रभाकर, मुलीला काही विचारायचंय का?" प्रभाकर भानावर आले, माझ्याकडे वळले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "तुमच्या भावाची रजा कधीपर्यंत आहे?"

होकार आला तो मला आला की दादाला, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

पुढे प्रभाकरही रशियाला जाऊन आले. दादानं फ्रान्सहून माझ्यासाठी आणि वहिनींसाठी अत्तराच्या इवल्याशा बाटल्या आणल्या होत्या. प्रभाकरांनी रशियाहून केसाळ टोपी आणली आणि ती नाशिकच्या थंडीत अभिमानानं घातली. दादा दारातूनच म्हणाला, "डोक्यावर ससा कशाला बसवलाय?" प्रभाकर म्हणाले, "तुमच्या अत्तराचा वास केव्हाच उडाला, ही टोपी माझ्या नातवालाही पुरेल." त्यावर दादा शांतपणे म्हणाला, "पुरेल ना. पण घालणार कोण?" खरं तर ह्या एका संवादात त्यांचा सगळा वाद येतो, पण तो त्यांनी इतक्या वर्षांत कितीतरी तपशिलांनी फुलवला. मी शाळेत भूगोल शिकवायचे. मला विमानांशी काही देणंघेणं नव्हतं, तरी पुरणपोळ्या लाटता लाटता मला कळत गेलं की रशियन इंजिन लवकर उतरवून दुरुस्तीला पाठवावं लागतं, फ्रेंच इंजिन जास्त टिकतं. पण फ्रेंच सुट्या भागाची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. रशियन विमान खडबडीत धावपट्टीवरूनही उडतं. फ्रेंच विमानातल्या वैमानिकाला मात्र लांबचं आधी दिसतं. सोव्हिएत देश फुटला तेव्हा सुट्या भागांसाठी कुणाचं दार वाजवायचं तेच कळेना, हा दादाचा हुकमी एक्का होता. पाश्चात्त्य देश आज देतील आणि उद्या रुसले की हात आखडतील, हा प्रभाकरांचा. "गरिबानं टिकाऊ वस्तू घ्यावी," दादा म्हणायचा. "गरिबानं घरी दुरुस्त करता येईल अशी घ्यावी," हे प्रभाकर. आमच्या घरातला मिक्सर, स्कूटर, पाण्याची मोटार, सगळ्यांची खरेदी ह्या दोन मतांच्या कात्रीत सापडली. मिक्सर तर एक वर्ष आलाच नाही.

एका गणेशोत्सवात आमच्या कॉलनीच्या मंडळानं ह्या दोघांचा जाहीर वादविवाद ठेवला. विषय फलकावर लिहिला होता : 'विकसनशील देशाच्या हवाई दलाने पाश्चात्त्य विमाने घ्यावीत की रशियन?' कॉलनीत निम्मे लोक कारखान्यातले, त्यामुळे गर्दी झाली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून पिंपळगावहून आला. येताना बाजूनं बोलणारे असावेत म्हणून एका टेम्पोत बागायतदार भरून आणले होते. त्यांना विमानातलं काही कळत नव्हतं, पण दादानं हात वर केला की ते टाळ्या वाजवत होते. प्रभाकरांनी रशियन विमान किती सोपं असतं हे सांगायला घेतलं. दादा मधेच म्हणाला, "सोपं हाय म्हणून तर दर महिन्याला खोलावं लागतं!" टाळ्या. प्रभाकर म्हणाले, "खोलता तरी येतं. तुमचं खोलायला पॅरिसहून माणूस बोलवावा लागतो!" कॉलनीच्या टाळ्या. असं बराच वेळ चाललं, आणि आरतीला उशीर होतोय म्हणून अध्यक्ष चुळबुळ करू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कुलकर्णीकाकू उभ्या राहिल्या. काकूंना ऐकायला कमी येतं, म्हणून त्या मोठ्यानं बोलतात. "अहो, हे फ्रान्सचं, ते रशियाचं... मग आपलं कुठलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दादा माइक हातात घेऊन गंभीरपणे म्हणाला, "काकू, लाख बोललात. आपलंच पाहिजे." प्रभाकरांनी मान डोलावली. "शंभर टक्के. देशी विमानाला पर्याय नाही." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले. आणि दोघं हातात हात घेऊन व्यासपीठावरून उतरत असताना, शेवटच्या पायरीवर, दादा म्हणाला, "इंजिन मात्र पाश्चात्त्य बसवू." त्या वर्षीची आरती त्या दोघांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणावी लागली.

पण हे सगळं नेहमी हसण्यावारी गेलं असं नाही. एकदा आम्ही पिंपळगावला जेवायला गेलो होतो आणि टीव्हीवर बातमी आली. राजस्थानात मिग कोसळलं होतं. वैमानिक वाचला नव्हता, अगदी तरुण होता. त्याचा फोटो दाखवत होते. दादा हातातला घास तसाच धरून बसला आणि मग म्हणाला, "प्रभाकरराव, बंद करा आता तुमच्या त्या उडत्या तिरड्या."

प्रभाकर उठले. हात धुतले, चपला घातल्या आणि स्कूटरशी जाऊन उभे राहिले. वहिनी मागून गेल्या, पण ते आत आले नाहीत. मीही मग पदर खोचून मागे बसले. महामार्गावर ओझर मागं पडल्यावर प्रभाकर म्हणाले, "नंबर सांगितला नाही ग बातमीत विमानाचा. आमच्याकडून गेलेलं होतं का, कुठलं होतं... काही कळत नाही." मी पाठीमागून त्यांचा खांदा धरला. त्यांच्या हातून गेलेलं प्रत्येक विमान ते मनातल्या मनात जमिनीवर उतरवत असत, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या हंगामात आमच्याकडे द्राक्षांची पेटी आली नाही. फोनही नाहीत. विमानं जायची, प्रभाकर गॅलरीत उभे राहायचे आणि मग काही न बोलता आत यायचे. मी दादाला फोन केला की तो वहिनींना द्यायचा. दोन जाणती माणसं, एकाला मधुमेह, एकाला रक्तदाब, आणि फुगून बसलेली. माल संपल्यावर, उन्हाळा लागला तेव्हा, एके दुपारी दादा न सांगता दारात उभा राहिला. हातात बेदाण्यांची पिशवी. आत आला, पाणी प्यायला आणि प्रभाकरांच्या समोर बसला. मला वाटलं, आता माफी मागेल. पण दादाला माफी मागता यायची नाही. तो म्हणाला, "माझ्या हातचंबी एक परत आलं नव्हतं. मिराजच. सकाळी मीच सही करून सोडलं होतं. पोरगं माझ्याकडं बघून हसून गेलं होतं... पुढं चौकशीत निघालं, विमानाचा दोष नाय. पण मला काय त्याचं? मी कोणाला बोललो नाय हे. हिलाबी नाय." वहिनी बरोबर नव्हत्याच, तरी 'हिला' म्हणताना त्यानं बाजूला पाहिलं.

प्रभाकर उठून त्याच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसले. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी चहा ठेवायला आत गेले आणि चहा घेऊन बाहेर आले तोवर टायरवरून जुंपली होती. कुणाचे टायर किती वेळा उतरल्यावर झिजतात ह्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चहाच्या वाफेवर घातलं.

राफेल आली तेव्हा दादानं गावात पेढे वाटले. आम्हालाही अर्धा किलो आला, वर चिठ्ठी, 'ट्रकवाल्यांसाठी'. प्रभाकरांनी पेढे खाल्ले आणि फोन करून विचारलं, "आली किती? मूठभर ना? सोन्याच्या भावानं सगळा देश राखणार का?" मला वाटतं, दादाच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा आठवडा असावा.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं आणि त्याला नाशिकला दवाखान्यात आणलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी समजावलं, स्टेंट बसवावा लागेल, भारतीय आहे, परदेशीही आहे. दादा पलंगावरून क्षीण आवाजात म्हणाला, "परदेशी म्हणजे रशियन नाय ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही, का हो?" प्रभाकर कोपऱ्यातून म्हणाले, "रशियन असता तर जन्मभर गेला असता. फक्त बसवायला हातोडा लागला असता." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दोघंही शुद्धीवर आहेत, तुम्ही काळजी करू नका." दादा इतका हसला की मॉनिटर वाजायला लागला आणि नर्सनं प्रभाकरांना बाहेर काढलं.

तो बरा होऊन बागेत परतला. यंदाची छाटणी त्यानं खुर्चीत बसून करून घेतली... निम्मीच.

दहाव्याला, तेराव्याला प्रभाकर सगळीकडे होते. माणसं आणली, सोडली, मंडपवाल्याशी बोलले. नंतर मात्र घरी येऊन गप्प झाले. पेपरातली विमानांची पानं ते न उलगडता बाजूला ठेवू लागले. भाऊबिजेला दादा दरवर्षी नाशिकला यायचा, ओवाळून घ्यायचा आणि ताटावर बसण्याआधीच भांडण काढायचा. यंदा भाऊबीज आली आणि दुपारी आम्ही दोघंच टीव्हीसमोर जेवत बसलो. बातम्यांत तज्ज्ञ मंडळी बोलत होती, हवाई दलासाठी आणखी विमानं घ्यायची तर अमेरिकेची, फ्रान्सची की रशियाची. प्रभाकरांनी रिमोट उचलला.

"राहू द्या," मी म्हटलं. "फ्रान्सचीच घ्यावीत."

"काय?"

"फ्रान्सची. इंजिन टिकतं. रशियाचं घ्यायचं आणि सारखं खोलत बसायचं, कोणी सांगितलंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाताच्या मुदीनं तोंड उघडलं होतं. "तुला काय कळतं ग त्यातलं?" मी म्हटलं, चाळीस वर्षं ऐकतेय, बहिरी नाही. मग सुट्या भागांवरून झालं, धावपट्टीवरून झालं, सोव्हिएत देश फुटल्याचा एक्का मी टाकला तेव्हा त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि मांडी घालून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता. "बरं, मग ह्याचं उत्तर दे. रशियानं आपल्याला इथं, ओझरला, विमान बनवू दिलं. किल्ली हातात दिली. फ्रान्सवाले बंद पेटी देतात, किल्ली स्वतःकडे ठेवतात. त्याचं काय?"

हा मुद्दा आला की मी नेहमी चहा ठेवायला उठायची. दादा त्यावर काय म्हणायचा, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. प्रभाकर जिंकल्यासारखे माझ्याकडे बघत होते, आणि त्या जिंकण्यात त्यांना काही गोडी नाही हेही दिसत होतं. मी उठले आणि पिंपळगावला फोन लावला. वहिनी दादा गेल्यापासून कुणाशी फारसं बोलत नव्हत्या. हो, नाही, एवढंच. मी म्हटलं, "वहिनी, किल्लीच्या मुद्द्यावर दादा काय म्हणायचा हो?"

वहिनी म्हणाल्या, "किल्ली कशाची, रशियाची?"

"हो."

"फोन मोठ्या आवाजावर टाका, ताई." मी टाकला. "भाऊजी, ऐकताय ना? किल्ली रशियानं दिली, पण कुलूप करायचं कुठं शिकवलं? त्यांच्याच मापानं बनवत बसलो आपण. मग फ्रान्सची पेटी घ्या, नाय तर रशियाची, आपल्याला काय फरक पडला?"

प्रभाकर फोनकडे बघतच राहिले. "हे विनायकराव मला कधी बोलले नाहीत," ते म्हणाले.

"नाय बोलले. नवीन सुचलं होतं. भाऊबिजेला सांगणार होते," वहिनी म्हणाल्या. "आधी मला म्हणून दाखवायचे ना सगळं. मी तुमच्या बाजूनं बोलायची."

प्रभाकरांनी चष्मा काढला, धोतरानं पुसावा तसा सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मग फोन स्वतःकडे ओढून घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "वहिनी, त्यावर माझं म्हणणं असं आहे..."