मी पुसलेली हजेरी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — पण कीव नको, आणि माफी तर नकोच.

२००८ साली मी तळेऱ्याजवळच्या एका आंबा कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. जुने सर्व्हर मोडीत काढायचं ठरलं होतं. प्रत्येकाची हुबेहूब नक्कल काढायची आणि ती एका नव्या मोठ्या सर्व्हरमध्ये चालवायची — व्हर्च्युअल मशीन म्हणतात तिला. यंत्र जातं, आतलं सगळं राहतं. पाच यंत्रं मी अशी हलवली. सहावं हजेरीचं. ते दत्ताकाका सांभाळायचे, आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

"गो, ह्या मशीन गेला तर माका हंय कोण ठेवतलो?" त्यांनी विचारलं.

नक्कल पहिल्या फटक्यात चालू झाली. तरी मी साहेबांना सांगितलं, "सर, हे फार जुनं आहे. नाही होत." नक्कल एका डिस्कवर घेऊन माझ्या कपाटात ठेवून दिली. काकांची नोकरी टिकली. या खोट्याची मला आजही लाज वाटत नाही — का वाटावी?

इथवर सांगणं सोपं आहे. पुढचं —

दोन वर्षांनी, ऐन हंगामात, ते यंत्र बंद पडलं ते कायमचंच. बॅकअपच्या टेपा दमट हवेने केव्हाच गेल्या होत्या. काकांना त्याच आठवड्यात घरी पाठवलं. आणि नेमका तेव्हाच आंबे सोलणाऱ्या बायकांनी अर्ज दिला होता, आम्हाला कायम करा म्हणून. साहेब म्हणाले, किती हंगाम काम केलंत त्याची हजेरी दाखवा.

शेवंतीकाकी माझ्याकडे आली. नऊ हंगामांच्या चिकाने तिची बोटं काळी पडली होती.

"बाय, त्या कॉम्प्युटरात आमची नावा आसत मां?"

कपाट माझ्या पाठीशीच होतं. डिस्कवर तिचे सात हंगाम होते, नक्कल काढली तोवरचे. पण डिस्क बाहेर काढली असती, तर साहेबांनी विचारलं असतं — ही नक्कल चालत होती, मग तेव्हा 'नाही होत' असं का म्हणालात?

"सगळा गेला, काकी," मी म्हटलं. "कायएक उराक नाय."

ती गेली. मी दार लावलं आणि डिस्क पुसली. घाबरून, एका क्षणात? नाही. पुसायला अर्धा तास लागला. 'रद्द करा' हे बटण तेवढा सगळा वेळ माझ्यासमोर होतं.

काकांसाठी केलं, असं म्हणू? काका तर घरी बसले होते. ती डिस्क मी माझ्यासाठी पुसली. भित्री म्हणा, चोर म्हणा — चालेल. दयाळू मात्र म्हणू नका.

पुढच्या हंगामात त्या बायका परत आल्या, नव्या कामगार म्हणून. नोंदणी माझ्याकडेच होती. शेवंतीकाकीचं नाव मी स्वतः टाईप केलं. रुजू झाल्याची तारीख — त्याच दिवसाची.