राजीखुशीने

इंदापूरला कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. दस्त लिहायला मला बारामतीच्या एका म्हाताऱ्या मुसलमान दस्तलेखकाने शिकवलं. मी त्यांना चाचा म्हणायची. चाचा फारसी शब्द असे जोडायचे की ऐकत राहावं. हक्काला ‘दार’ लावा, हक्कदार उभा राहतो. इज्जतीला ‘बे’ लावा, तोच माणूस उताणा पडतो. इन्साफाला ‘ना’ लावला की अख्ख्या गावाची कैफियत एका शब्दात मावते. या शब्दांचा मला भारी तोरा होता.

बहिणीने बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडायचा, ही आमच्याकडची रीत. त्याचं हक्कसोडपत्र माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतं: ‘मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही जोरजबरदस्तीशिवाय...’ नावं बदलली की काम झालं. ती ओळ कुणी वाचत नाही. मीही नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक उसाचा बागायतदार बहिणीला घेऊन आला. बाई चाळिशीची, गप्प. प्रिंट हातात दिली तर ती बोट ठेवून वाचू लागली आणि त्या ओळीवर थांबली.

“ताई, हे माज्या तोंडचं न्हाय. मी राजी न्हाय. खोडा हे.”

भावाने तिचं तेच बोट धरून उलटं वाकवलं. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती किंचाळली तशी त्याने केसांना धरून तिचं तोंड माझ्या टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. नाकातलं रक्त कागदावर, कीबोर्डवर सांडलं. झेरॉक्सवाला, चहावाला, सगळे बघत उभे. मला इतके शब्द पाठ, पण एकही तोंडातून फुटला नाही. भेकड आहे मी, दुसरं काय.

“म्याडम, दुसरी प्रत काढा,” शर्टाच्या बाह्या सारख्या करत तो म्हणाला. “तिला मान्य हाय.”

मी काढली. बाईला सही येत होती, पण उजवा हात उचलेना. म्हणून शाईचं पॅड पुढे सरकवून मीच तिचा डावा अंगठा कागदावर दाबला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं.

दस्ताच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपल्या हाताने एक वाक्य लिहायचं असतं. मी लिहिलं: ‘वरील मजकूर बाईंना वाचून दाखवला, तो त्यांना मान्य आहे.’ खाली सही केली.