अठ्ठावीस अंगठ्यांचं पत्रक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही. तीन-चारदा लिहायला बसले आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकीवर लेख लिहून उठले. ते मला चांगलं जमतं. सरकारची चूक, विद्यापीठाची चूक, समाजाची चूक — मागाल ती लिहून देते. पण हे —

थांबा. आधी मी कोण ते सांगते. म्हणजे मी वेळ काढतेय असं समजा हवं तर.

मी पत्रकांवर वाढले. बाबा तळेगावजवळच्या एका कारखान्यात होते, युनियनचं काम करायचे. घरात पुस्तकं चार, पण पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे. अक्षरं जुळवायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’वरून. सोळाव्या वर्षी मी स्वतः पहिलं पत्रक लिहिलं, आमच्या वस्तीला पाणी का येत नाही यावर, आणि बेगडेवाडी स्टेशनाबाहेर उभी राहून वाटलं. ‘कष्ट ज्याचे, नाव त्याचं’ — हे वाक्य मी इतक्या ठिकाणी लिहिलंय की मोजदाद नाही. एकदा एका प्राध्यापकानं विद्यार्थिनीचं टिपण आपल्या नावावर छापलं, तेव्हा भर सभागृहात उठून मी त्यांना चोर म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, आणि आता त्या ऐकवत नाहीत.

एम.ए. झाल्यावर मी एक काम अंगावर घेतलं. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र शिकणाऱ्या मावळातल्या मुलांना संदर्भ शोधायला शिकवायचं. दर रविवारी, तळेगावच्या एका जुन्या वाचनालयात. मुलं हुशार, पण लघुप्रबंध म्हटला की मोबाइलमध्ये विषयाचं नाव टाकायचं आणि पहिल्या पानावर येईल ते उतरवायचं, एवढंच त्यांना कुणी शिकवलेलं. मी सांगायचे — पुस्तक शेवटून उघडा, संदर्भसूची आधी वाचा. जुन्या गॅझेटियरमध्ये तुमच्या गावाचं स्पेलिंग निराळं असेल, चार तऱ्हांनी टाकून बघा. जुने प्रबंध आता ऑनलाइन मिळतात. त्यातला ऋणनिर्देश सोडू नका, कागद कुणाच्या घरातून मिळाले ते तिथेच लिहिलेलं असतं. ग्रंथपालांना विचारा, ज्याची नोंदच झाली नाही असं कपाटात काय आहे? आणि ज्यानं वाट दाखवली त्याचं नाव तळटीपेत घाला. नुसतं बोट दाखवलं असेल तरी घाला.

मुलं वहीत लिहून घ्यायची. मंगलनंही घेतलं होतं.

मंगल धरणाच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली. वाडीतून एम.ए.पर्यंत आलेली पहिली. शनिवार-रविवारी लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर काम करायची, आणि रविवारी दुपारी दोन तास सुटी मागून माझ्याकडे यायची. तिचा विषय तिची वाडीच होती. धरण झालं तेव्हा वाडी नदीकाठी होती, पाणी चढलं तशी माणसं डोंगरावर सरकली. पण धरणग्रस्तांच्या यादीत वाडीचं नावच नाही. कचेरीत म्हणत, तुम्ही मागाहून येऊन बसलात. मंगलला आपल्या प्रबंधात एवढंच सिद्ध करायचं होतं, की आम्ही आधीपासून होतो. तिचे मार्गदर्शक म्हणाले, म्हाताऱ्या माणसांचं तोंडी सांगणं ठीक आहे, पण लेखी काही आण. नाहीतर विषय बदल.

लेखी काही होतं, असं सांगणारा एकच माणूस होता. तिचे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा म्हणायचे, आम्ही पत्रक काढलं होतं, अठ्ठावीस जणांनी अंगठे दिले होते. ते पत्रक कुणी पाहिलेलं नव्हतं. खालच्या गावात तर ती म्हणच पडली होती. कुणी थाप मारली की म्हणायचे, “हे आबाच्या पत्रकावानी दिसतंय.”

जानेवारीत मंगल मला वाडीवर घेऊन गेली. आबा ओट्यावर बसले होते, ऐंशीच्या पुढचे, डोळे अधू, जीभ मात्र तरतरीत. मला बघून म्हणाले, “तुमच्या त्या मोबाइलात समदं घावतं म्हनं. मग आमची वाडी का न्हाई घावत?”

मंगल म्हणाली, “आबा, तुमी पान्याखाली गेला. तितं रेंज न्हाई.”

हसलो सगळे. मग वाडीत रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून ती सरांना काहीतरी पाठवायला तिकडे गेली. आणि आबा माझ्याशी बोलत बसले. ते पत्रक तळेगावच्या एका मास्तरांनी लिहून दिलं होतं. अंगठा देण्याआधी त्यांनी ते तीनदा वाचून दाखवलं, म्हणून आबांना पाठ होतं. ओट्यावर बसून त्यांनी ते म्हणून दाखवलं — आमची घरं नदीच्या उजव्या अंगाला उंबराखाली आहेत, आम्हांस विचारल्यावाचून ती बुडवू नयेत. पुस्तकी भाषा, त्यांच्या तोंडात खडबडीत झालेली. मग म्हणाले, “मास्तर गेलं. त्येंच्या पोरानं त्येंचं समदं कागद तुमच्या तितल्या वाचनालयाला दिलं म्हनं. खरं-खोटं द्येव जानं.”

मंगल परत आली तेव्हा चहा झाला होता. वाचनालयाचं मी तिला सांगितलं नाही. त्या क्षणी मनात काही वाईट नव्हतं, असं म्हणावंसं वाटतं. खरंच नव्हतं का? मला माहीत नाही. सांगितलं नाही, एवढं माहीत आहे.

दुसऱ्याच दिवशी मी वाचनालयात गेले. नोंद न झालेल्या गठ्ठ्यांचं कपाट मीच लावत होते. ग्रंथपालकाकांनी किल्ली माझ्याकडे दिली होती. खालच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा — लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, शाळेचे अहवाल. आणि मध्ये घडी घातलेला पिवळा कागद. एका बाजूनं छापलेला. नदीच्या उजव्या अंगाला उंबराखाली. शब्दाला शब्द. खाली अठ्ठावीस नावं, प्रत्येकापुढे कंसात ‘अंगठा’. अकरावं नाव आबांचं.

मी बाबांच्या पलंगाखालची मुलगी — माझ्याइतकं त्या कागदाचं मोल कुणाला कळणार होतं? नेमकं हेच मी स्वतःला म्हटलं. मंगल काय करेल, मी म्हटलं, परिशिष्टात लावेल, पन्नास पानांचा प्रबंध कॉलेजच्या कपाटात धूळ खाईल. मी लिहीन तर लोक वाचतील. चळवळीच्या उपयोगी पडेल. बघा, किती पटकन शब्द मिळाले मला. चळवळ! एका मुलीचा कागद दाबून ठेवायला मी केवढा मोठा शब्द वापरला.

खरं कारण त्याहून लहान होतं. तिच्याकडे आबा होते, वाडी होती, ते सगळं भोगलेलं होतं. माझ्याकडे फक्त शोधायची युक्ती होती. कागद तिच्या हाती गेला असता तर ती लेखिका झाली असती आणि मी तळटीप. मला तळटीप व्हायचं नव्हतं.

मी तो गठ्ठा उचलला आणि सर्वांत वरच्या फळीवर जुन्या पंचांगांच्या मागे सरकवला. तिथे कुणी जात नाही.

आठ दिवसांनी मंगल आली. आधी काकांकडे गेली. मी बाजूच्याच टेबलाशी होते. काकांनी माझ्याकडे बोट केलं. “तिला विचार बाई. त्या कपाटातलं मलासुद्धा तिच्याइतकं ठाऊक नाही.” ती माझ्याकडे वळली. “ताई, हितं काय असंल का गं?”

“नाही गं,” मी म्हटलं. “मी सगळं पाहिलंय.”

तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही थांबले. मी तिला मुंबईला जायला सांगितलं, सरकारी दप्तर बघायला. अर्ज कसा करायचा तेही शिकवलं, नीट, मन लावून. तिथे काही मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. ती दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा शनिवार मोडला, आणि दुसऱ्या खाड्यानंतर रिसॉर्टवाल्यांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. हे तिनं मला हसत हसत सांगितलं, “बरं झालं, रविवार मोकळा झाला.”

मार्चमध्ये तिनं विषय बदलला. ‘लोणावळ्यातील पर्यटन आणि स्त्री-कामगार’. त्यावर पुष्कळ लेखी मिळतं, मी तिला संदर्भांची चांगली लांब यादी काढून दिली. ती पास झाली. पुढे पीएच.डी.चं म्हणत होती, ते नंतर बोलायची बंद झाली. आता कामशेतला एका पतपेढीत आहे.

दिवाळी अंकात माझा लेख आला. पत्रकाचं छायाचित्र, अठ्ठावीस नावं, आणि तळटीप — ‘हे पत्रक प्रस्तुत लेखिकेस एका वाचनालयातील नोंद न झालेल्या कागदांत आढळले, ते प्रथमच प्रकाशात येत आहे.’ लेख खूप फिरला. मला व्याख्यानांना बोलावणी आली. मोबाइलवर आज त्या वाडीचं नाव टाकलंत, तर सगळ्यांत आधी माझं नाव येतं.

मंगलचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता हिला कळलं. पण ती रडत होती, आनंदानं. “ताई, घावलं व्हय शेवटी! तू घावल्याबिगर राहनार न्हाईस, मला म्हाईत व्हतं.” मग म्हणाली, “जरा आधी घावलं असतं तर...” आणि लगेच, “जाऊ दे, घावलं हे काय कमी हाय?”

“परवाच सापडलं गं,” मी म्हटलं. लेख दोन महिन्यांपूर्वीच छापायला गेला होता. तिनं हिशेब केला नाही. माझ्याबाबतीत हिशेब करायचा असतो हे तिच्या मनातही आलं नाही.

आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. इतका वेळ बाजूबाजूनं फिरले, आता राहिलं एवढंच आहे.

वाडीनं माझा सत्कार ठेवला. देवळापुढे सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, खालच्या गावचेही लोक आले होते — तेच, म्हण पाडणारे. मी पत्रक वाचून दाखवलं. अठ्ठावीस नावं वाचली. ज्यांचे आजे-पणजे त्यात होते ते प्रत्येक नावाला “व्हय” म्हणत होते. आबांना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते, एक शब्द न चुकता. वाचून झालं तेव्हा खालच्या गावचा एक जण उठून म्हणाला, “आबा, माफी करा. आमी तुमाला उगंच हसलो.” मला वाटलं, चला, निदान हे तरी माझ्या हातून झालं.

तेवढ्यात आबा म्हणाले, “आरं, ह्या पोरीला मीच सांगितलं व्हतं. मास्तराचं कागद वाचनालयात हायेत म्हनून.”

मंगल हसली. “आबा, मला तर कवाच न्हाई बोलला.”

“तू इचारलंस कवा? तू त्या टाकीपाशी गेलतीस.”

“घ्या,” मागून कुणीतरी म्हणालं, “आता शोधलं पन आबांनीच!” मोठा हशा झाला. प्रेमाचाच, पण तोच जुना हशा. आबांनी हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे वळले. डोळे अधू, पण मी कुठे आहे ते त्यांना बरोबर कळत होतं. “सांग की गं पोरी. सांगितलं व्हतं का न्हाई?”

एक शब्द बोलायचा होता. ‘हो.’ मग मंगलनं विचारलं असतं, कधी? मी म्हटलं असतं, जानेवारीत. आणि ती मोजायला लागली असती — आठ दिवस, दोन शनिवार, एक प्रबंध.

“मला आठवत नाही, आबा,” मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. मंगलनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला डोळ्यांनीच खुणावलं, की वय झालंय, मनावर घेऊ नको. मग सरपंचांनी मला नारळ दिला. मी तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

ज्या कागदानं त्या माणसाला खरं ठरवलं, तो हातात धरूनच मी त्याला खोटं पाडलं. त्याच्याच माणसांसमोर, त्याच्याच ओट्यापासून पन्नास पावलांवर. आबा त्यानंतर वर्षभर होते. मंगल सांगायची, आता जुनं काही काढत नाहीत, विचारलं तर म्हणतात, आपल्याला काय याद ऱ्हात न्हाई. गेल्या वर्षी ते गेले. मी अंत्यविधीला गेले होते. मंगल माझ्याच गळ्यात पडून रडली.

हे छापून आलं की ती वाचेल. माझं सगळं वाचते ती.

जानेवारी महिना होता, दुपार होती. मंगल टाकीकडे गेली होती. मास्तरांचे कागद कुठे आहेत ते आबांनी मला सांगितलं, आणि पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. ते खरं बोलत होते. मला आठवत होतं.