सुमनच्या बोटांवरची शाई

कपाट आवरताना जुन्या शाईचा वास आला आणि तो शनिवार आठवला.

मॅट्रिक होताच मी दिग्रसला कारकून झालो होतो. माझी बायको सुमन दर शनिवारी बहिणीकडे म्हणून यवतमाळला जायची आणि बोटांवर निळे डाग घेऊन परतायची. ही कोणाला चिठ्ठ्या लिहिते, या संशयानं एकदा मी तिच्याच बसमध्ये मागे लपून बसलो. उतरून ती एका शाळेत शिरली. खिडकीतून पाहिलं, तर ती बाकावर बसून फळ्यावरची गणितं उतरवत होती.

ती बाहेर येताच विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी हासले असते."

"छे!" मी म्हणालो.

ती मॅट्रिक झाली, अंगणवाडीत लागली. आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. पण ते "छे" खोटं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.