खुर्ची भिंतीकडे

“काढ तो व्हिडिओ आधी. माझ्यासमोर काढ.”

“आई, हळू बोल. रस्त्यापर्यंत आवाज जातोय.”

“जाऊ दे! अख्ख्या जगाला दाखवून मोकळी झालीस, आता रस्त्याची लाज वाटतेय होय गं?”

“मी वाईट काय दाखवलं पण? लोक रडलेत बघून. हे वाच. ‘ताई, लढत राहा.’ ‘आम्ही सगळे तुमच्यासोबत.’ एवढं प्रेम त्यांना कधी मिळालं असेल का?”

“तिनं मागितलं होतं?”

चिमीचा अंगठा फोनवर चालूच होता, वर, वर, वर.

पार्लरचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. आत दोन खुर्च्या, एक बेसिन, एक पडदा, आणि मधोमध हातात कंगवा तलवारीसारखा धरून उभी असलेली पार्लरवाली. मुलीवर हा कंगवा तिनं आजवर कधी उगारला नव्हता. आज हात शिवशिवत होता.

लग्नाआधी ती दुसऱ्याच्या पार्लरमध्ये केर काढायची. कापलेले केस झाडता झाडता कात्री धरायला शिकली. तिथली मॅडम तोंडानं फाटकी, गिऱ्हाइकाला काय बोलेल याचा नेम नाही. पण एखादी बाई अशी यायची की तिला स्वतःकडे बघवत नाही. कुणाचा चेहरा भाजलेला, कुणी नुकतंच जवळचं माणूस गमावलेली. मग मॅडम एक अक्षर न बोलता तिची खुर्ची आरशाकडून भिंतीकडे फिरवायची. “आरसा कुठे पळून जातोय? तिला वाटेल तेव्हा बघेल,” एवढंच नंतर म्हणायची. पार्लरवालीनं स्वतःचं दुकान थाटलं तेव्हा मॅडमकडून दुसरं काही आणलं नाही, ही खोड तेवढी आणली. नवरा चेष्टा करायचा, “हिला माणसं मागूनच ओळखू येतात. चेहरा दाखवला की विचारते, कोण आपण?”

चिमीनं कॉलेजातून आल्यावर दुकानात बसायला सुरुवात केली आणि आरशासमोरच्या भिंतीवर फोनचा स्टँड ठोकला. तिथून पाठीवरचे केस आणि आरशातला चेहरा दोन्ही एकदम दिसायचे. बायका आधी लाजायच्या, मग हौसेनं म्हणायच्या, “माझं टाकलंस का गं?” पार्लरवालीही खूश होती. पोरगी आपलं नाव काढतेय, असं शेजारच्या शिंपिणीला तिनं स्वतः सांगितलं होतं. हात रंगानं बरबटलेले असायचे, म्हणून मायलेकींनी एक खूण ठरवली. आईनं हनुवटी उचलून स्टँडकडे केली, की चिमीनं जाऊन अँगल बदलायचा.

आणि एका दुपारी वीजबिल भरायच्या खिडकीवर बसणारी बाई आली. डोक्यात चाई. जागोजागी केस गेलेले, गुळगुळीत चट्टे. कितीतरी महिने भांग इकडून तिकडे फिरवून तिनं ते झाकले होते. “सगळेच काढा ताई,” ती म्हणाली, “हा लपंडाव पुरे झाला. बाकी मला काही झालेलं नाही, पण रोज सकाळी भांग पाडताना जीव जातो.”

पार्लरवालीनं सवयीनं खुर्ची फिरवली. आरशाकडून भिंतीकडे. थेट त्या फोनच्या तोंडासमोर.

लक्षात आलं तसं तिनं हनुवटी उचलली. चिमी गेली, फोनला हात लावला. आई निर्धास्त झाली.

“मी तुला बंद कर म्हणाले होते!”

“तू काही म्हणाली नाहीस. हनुवटी केलीस. मी अँगल बदलला. आजवर त्याचा अर्थ तोच होता ना?”

आईला हेच जास्त झोंबत होतं. खूण तिचीच, खुर्चीही तिनंच फिरवलेली.

“बरं, अँगल बदललास. पण घरी जाऊन त्याला गाणं कुणी लावलं? ‘लढवय्यी’ कुणी लिहिलं?”

“मी कुठे लिहिलं कॅन्सर म्हणून? लोकांनी समजून घेतलं त्याला मी काय करू? आणि मी ते जोडताना रडले होते, आई. खरंच रडले.”

“रडलीस. आणि मग गाणं लावलंस.”

“तुला नाही कळायचं.”

“मला एवढं कळतं की त्यात तिचे ओठ हलताना दिसतात. तुझी ती माणसं लिहितायत, देवाचं नाव घेतेय बिचारी. ती पाणी मागत होती, चिमे! मी वस्तरा खाली ठेवून आणलं. तू माठाशेजारी उभी होतीस.”

चिमीनं पहिल्यांदा फोनवरून नजर उचलली. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात शटरखालून वाकून कुणीतरी आत आलं.

खिडकीवालीच होती. डोक्याला घट्ट स्कार्फ, खांद्याला ऑफिसची पिशवी. कुणी बस म्हणायची वाट न बघता ती कडेच्या खुर्चीवर टेकली.

“ताई, ती काढतेय, आत्ता काढतेय,” पार्लरवाली घाईघाईनं म्हणाली. “मी तुमच्या घरीच यायला निघाले होते.”

“काढा. पण त्यासाठी नाही आले मी.” तिचा आवाज थकलेला होता. “बिल भरायला येणारी माणसं पावती घेताना माझा हात दाबतायत. साहेबांनी विचारलं, किती दिवसांची रजा लागेल. तेही निभावलं असतं. पण गावी बाबांना कुणीतरी दाखवलं. परवापासून जेवले नाहीत. मी सांगून सांगून दमले, बाबा, फक्त केस गेलेत. ते म्हणतात, तू माझ्यापासून लपवतेस. आई गेली तेव्हा तिचा आजार आम्ही त्यांच्यापासून लपवलाच होता, शेवटपर्यंत. आता कसा विश्वास बसेल?”

पार्लरवालीनं कंगवा खाली ठेवला आणि ती दुसऱ्या खुर्चीवर बसली.

खिडकीवाली चिमीकडे वळली. “तू बोल त्यांच्याशी. तू केलंयस म्हटल्यावर तुझं ऐकतील. सांग, ते गाणं, ते शब्द माझे, ताईंना काही आजार नाही. दोन वाक्यं. मी फोन लावून देते.”

“मी?” चिमी मागे सरकली. “फोनवर?”

“हो.”

“मला… मला नाही जमत असं. अनोळखी माणसाशी. काय बोलायचं? ते रडायला लागले तर?”

“चिमे,” आई म्हणाली.

“आई, प्लीज. मला खरंच नाही येत.” तिचा चेहरा पडला होता, ढोंग नव्हतं ते. मग एकाएकी तिला सुचलं आणि जरा उजळून ती म्हणाली, “त्यापेक्षा असं करू या का? मी माफीचा व्हिडिओ टाकते. मनापासून. तुम्ही शेजारी बसा फक्त, आणि स्वतः सांगा की मी ठणठणीत आहे. पहिला जिथवर गेला तिथवर हाही जाईल. बाबा बघतीलच की. इथे उजेडही छान आहे आत्ता.”



पार्लरवालीला वाटलं, उठावं आणि हिच्या मुस्काटात द्यावी. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, आणि त्या पाण्याचं काय करायचं हेच तिला कळेना. ती खिडकीवालीकडे वळली.

“मी बोलते बाबांशी. द्या फोन. माझं ऐकतील ना ते?”

खिडकीवालीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “तुमचं नाही ऐकणार ते, ताई,” म्हणत तिनं पिशवी खांद्यावर चढवली, कानामागून सुटलेला स्कार्फ आत खोचला आणि शटरखालून वाकून बाहेर पडली.