विसावा पॅकेजमध्ये नाही

बाबा सकाळी परळच्या हॉस्पिटलात वारले. मी अजून कुणाला फोनही केला नव्हता, तोवर जिन्याखाली एक माणूस माझ्यासमोर उभा. पांढरा शर्ट, चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त दुःख. "ताई, टेन्शन घेऊ नका. गाडी, तिरडी, मडकं, भटजी, लाकडं, सगळं पॅकेजमध्ये." याला कुणी सांगितलं हो? सख्ख्या नातेवाइकांच्या आधी याला कसं कळतं, हे कोडं मला सुटलंय, पण सिद्ध करता येत नाही.

मी हो म्हटलं. दुसरं काय करणार? करी रोडच्या आमच्या चाळीत कुणी गेलं की मंडळाची पोरं स्वतःहून धावायची. कुणी बांबू आणी, कुणी मडकं, तिरडी कधी बांधून झाली ते घरच्यांना कळायचंही नाही. आता चाळीचा टॉवर झालाय, मंडळ गणपतीपुरतं उरलंय. बाबांना घरी आणलं तर वॉचमनचा पहिला प्रश्न, "सर्व्हिस लिफ्टनेच नेणार ना?"

आणि मग त्या माणसाचे फाटे फुटायला लागले. बांबू पॅकेजमध्ये, पण तिरडी बांधणाऱ्याचे वेगळे. मडकं पॅकेजमध्ये, ते अडकवायचं शिंकाळं वेगळं. लाकडं पालिकेच्या स्मशानात फुकट मिळतात, हे मला फार नंतर शेजारणीने सांगितलं. मी तोंड उघडलं की काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, माझा हात दाबायचे. "मयताच्या सामानाचो भाव करूचो नसता गो."

हा आमच्याकडचा कायदा. कोथिंबिरीच्या जुडीवरून हमरीतुमरीवर येणारी आमची माणसं मयताच्या सामानापुढे अगदी गरीब गाय होतात. सांगेल ते द्यायचं. घासाघीस केली तर जाणाऱ्याचा जीव अडकतो म्हणे. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. आकडा सांगताना तो माझ्याकडे बघतच नव्हता, काकांकडे बघत होता.

आईचं मागणं मात्र एकच होतं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, विसाव्यापर्यंत जातात. अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बाजू बदलतात, तिथे बायकांनी पाणी सोडायचं आणि मागे फिरायचं. आईला तो विसावा गिरणीच्या गेटासमोर हवा होता. गिरणी बंद पडेपर्यंत दर पाळीला बाबा त्याच गेटातून आत गेले. आता तिथे काचेची बिल्डिंग आहे, पण आईच्या लेखी ते गेटच. "थंय टेकवा त्यांका," ती त्या माणसाला म्हणाली. "थंयच निरोप घेवक व्हयो माका."

"हो मावशी, का नाही!" तो म्हणाला.

आईचे गुडघे गेलेले, म्हणून ती माझ्या चुलत वहिनीचा, काकांच्या सुनेचा हात धरून, तांब्या घेऊन आधीच निघाली. मी एकुलती एक, अग्नी मीच देणार होते. त्यामुळे काका आणि मी बाबांजवळ गाडीत बसलो. तो पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. आणि गाडी भलतीकडेच वळली.

"अहो, गेट सरळ आहे!"

"ताई, विसावा पॅकेजमध्ये नाही. तिकडून वळसा पडतो, वर थांबायचं वेटिंग. पुढचं मयत लाइनीत आहे."

"सकाळी हो म्हणालात ना?"

"हो म्हणालो. फ्री कुठे म्हणालो?"

माझी सटकलीच. जनाची नाही, मनाची तरी ठेवा, असं बरंच काही बोलले. तेवढ्यात वहिनीचा फोन. "काकू उन्हात उभ्या आहेत, बसायला तयार नाहीत. कुठवर आलात?" काका खिडकीबाहेर बघत बसलेले. आणि तो मला हळू आवाजात म्हणतो, "ताई, मयतासमोर आवाज नको." हा मला शिकवणार! रडू आणि संताप एकदमच आला. मी पर्समध्ये हात घातला आणि होतं तेवढं त्याच्या हातावर ठेवलं. वेळ नसलेली गाडी लगेच वळली.

गेटासमोर तिरडी टेकवली तर काचेच्या बिल्डिंगचा गार्ड आला, इथे थांबू नका म्हणून. त्याच्यावर कोण खेकसलं असेल? हाच. "मयत आहे, माणुसकी नाही का तुला?" मी कपाळावर हात मारून घेतला.

आई वाकली. पाणी सोडलं. बाबांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "सुटली पाळी तुमची. जावा आता." मग मी रडले. सकाळपासून वेळच मिळाला नव्हता.

उठताना आईला तो दिसला, हात जोडून उभा. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माज्यासाठी गाडी थांबवलंस. देव तुजा बरा करो रे झिला." लेक म्हणवून घेत त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण सांगितलं असतं तर आईचा निरोप विकतचा झाला असता, म्हणून गिळलं.

आई अजून त्याची आठवण काढते. "तो झील भेटलो म्हणान बरा झाला," म्हणते. मी दातओठ खात भाजी निवडत बसते.